राजापुरास जेवण करून

आप्पांना बसरा बघायचं होतं. लोक निवृत्तीनंतर काशीला जातात, रामेश्वरला जातात, मुलाकडे अमेरिकेला जातात. आप्पांनी, म्हणजे भास्कर गुरुजींनी, मात्र पासपोर्ट काढला तो इराकमधल्या बसऱ्यासाठी. तो तीनदा नवा करून घेतला आणि तिन्ही वेळा कोराच राहिला. आधी इराण-इराकचं युद्ध पेटलं, मग कुवेतचं, मग अमेरिकेचं. "माझी रजा मंजूर होण्याची वाट बघत असतात सगळे," असं ते म्हणायचे आणि ॲटलास मिटून ठेवायचे.

ते गेले तेव्हा तो ॲटलास उशाशीच होता. त्यांच्या मुलीने, उल्काने, तो उचलून कपाटावर ठेवला, औषधांचा डबा खाली घेतला आणि मग तो डबा हातात धरूनच बराच वेळ उभी राहिली. आता तो कुठे ठेवायचा ते तिला सुचेना.

आप्पांनी सगळी नोकरी राजापूरच्या शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली होती. पुढे रत्नागिरीत घर बांधलं, पण त्यांच्या बोलण्यातून राजापूर कधी सुटलं नाही. बंदर म्हटलं की मुलांना समुद्र आठवतो. राजापुरातून समुद्र दिसतसुद्धा नाही. गाव खाडीच्या पार टोकाला, डोंगरांच्या कुशीत. तरी एके काळी अरबांची गलबतं थेट गावाच्या पायथ्याशी लागत. वर अणुस्कुऱ्याचा घाट चढला की दुसरं राज्य, खाली खाडी संपली की समुद्र आणि त्यावर भलत्यांचीच सत्ता. घाटावरून बैलांच्या पाठीवर मिरी आणि कापड उतरायचं, समुद्रावरून खजूर आणि घोडे यायचे. दोन हद्दींच्या मधे बसून राजापूर पोट भरायचं.

"आणि अगदी असंच दुसरं गाव कोणतं?" आप्पा वर्गाला विचारायचे. वर्ग एका सुरात ओरडायचा, "बसरा!"

तेही नदीवरचं. समुद्रापासून आत. एका अंगाला इराणची सीमा, दुसऱ्या अंगाला कुवेतची. तिथेही भरती नदीतून वर चढते, गोडं पाणी पाटापाटांतून खजुराच्या बागांत शिरतं आणि ओहोटीला परत जातं. माळ्याला मोट नको की पंप नको. आप्पा हे सांगायला लागले की हातानेच पाणी वर चढवत आणि खाली उतरवत. उल्का त्याच वर्गात बसायची. बाप शिकवत असताना लाजेने मान खाली घालून बसणारी ती एकटीच होती.

गेल्या दिवाळीत, जीभ अजून वळत होती तेव्हा, त्यांनी तिला जवळ बोलावून सांगितलं होतं, "मला भाट्याच्या खाडीत नको सोडूस. राजापूरच्या धक्क्यावरून सोड. ओहोटी लागताना. जाणारी गलबतं तशीच जायची. पुढचं वारा बघेल."

"बरं," उल्का म्हणाली होती.

"विसरशील."

"नाही विसरणार, आप्पा."

त्याआधी त्यांना एकदा धक्क्यावर घेऊन जायचं तिने कबूल केलं होतं. ते राहूनच गेलं. आधी पाऊस होता, मग रस्ता खणलेला होता, मग त्यांना गाडीत बसवेना. आजारपणाच्या तीन वर्षांत तिने त्यांना काय काय दिलं असेल, पेज, पाणी, गोळ्या, पाठीला पावडर. पण त्यांनी मागितलेलं असं एकच, आणि तेच नाही. म्हणून हे दुसरं तरी नीट व्हायला हवं होतं. बाकी तिची काही इच्छा उरली नव्हती. झोपावं, एवढीच होती.

धाकटा भाऊ उन्मेष पुण्याहून आला होता. अग्नी त्यानेच दिला. अस्थी मातीच्या लोटक्यात, तोंडाला पांढरं फडकं बांधून, अंगणातल्या आंब्याच्या फांदीला टांगल्या होत्या. दहाव्याच्या आत त्या पाण्यात जायला हव्यात असं भटजींनी सांगितलं होतं.

"भाट्याची खाडी इथे दारात आहे, ताई. दहा मिनिटांचं काम."

"दहा मिनिटांचं काम असतं तर त्यांनी मला सांगून ठेवलं नसतं."

"राजापुरात पाणी तरी आहे का? सगळा गाळ भरलाय म्हणतात."

"भरतीला असतं."

"कोण म्हणतं?"

"आप्पा म्हणायचे."

आप्पांचं नाव पुढे केलं की या घरात वाद संपायचा, आणि ती सवय अजून गेली नव्हती. भटजींनी कान टवकारून हे सगळं ऐकलं होतं. जाताना चपला घालत ते म्हणाले, "सूर्यास्ताच्या आत सोडा म्हणजे झालं. भरती-ओहोटी शास्त्रात नाही. गुरुजींची हौस असेल तर करा."

मग वेळ ठरवायची होती. उल्काने कॅलेंडर काढलं. फाल्गुन शुद्ध चतुर्थी तेवढी सोयीची दिसत होती. कोकणातल्या दर्यावर्दी खारव्यांचा हिशेब तिला लहानपणापासून पाठ होता, आप्पा तो फळ्यावर लिहून द्यायचे. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते.

"चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन," ती म्हणाली. "तीनला भरती पुरी, मग पाणी उलटणार."

उन्मेषने फोन काढला. त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि नाही हे दाखवायची त्याला आवडही होती. बोट सरकवत तो थांबला. "राजापूर यात नाही. खाडीच्या तोंडाचं जैतापूर आहे. चतुर्थीला दुपारी पावणेतीन."

"बघ."

"आप्पा अजून बरोबर आहेत," तो म्हणाला, आणि फोन खिशात टाकून अंगणाकडे बघत राहिला. गेल्या कित्येक दिवसांत दोघांना एकाच वेळी बरं वाटलं असेल ते तेवढंच.

चतुर्थीला सकाळी शेजारच्या काकूंनी दहीभाताचा डबा आणून दिला. सुतकात चूल नको, आणि वाटेत कुठे खाणार? उल्काने तो पिशवीत घातला. फांदीवरचा लोटका उन्मेषने उतरवला आणि बहिणीच्या मांडीवर दिला. गाडीत मागच्या सीटवर ती दोन्ही हातांनी तो धरून बसली. पालीला उन्मेषने चहासाठी गाडी थांबवली. ती उतरली नाही.

"चहा तरी घे, ताई. तू सकाळपासून काही घेतलं नाहीस."

"हात मोकळा नाही."

"खाली ठेव जरा."

"कुठे?"

त्याने गाडीत इकडेतिकडे बघितलं आणि मग चहाचा कागदी पेला स्वतःच तिच्या तोंडाशी धरला. तिने दोन घोट घेतले. आप्पांना ती असाच चहा पाजायची. त्यांच्या हनुवटीवरून ओघळायचा. उन्मेषनेही आपल्या रुमालाने तिची हनुवटी पुसली, तिच्या हनुवटीवर काही नसताना. तो हे कुठून शिकला, तिला कळेना. बहुतेक सुट्टीत यायचा तेव्हा दारातून बघत असावा.

लांजा गेलं. रस्ता डोंगर कापून रुंद केलेला, दोन्ही बाजूंना तांबडा कातळ उघडा पडलेला. उन्मेषने मधेच विचारलं, "बसराच का पण? जगात एवढी बंदरं आहेत."

"तुला कधी सांगितलं नाही त्यांनी?"

"मला ते गणित शिकवायचे. भूगोल तुझ्या वाट्याला."

उल्काने विचार केला. ती आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकांच्या संगतीत राहिली होती. बसऱ्यावरचं जे जे हाती लागलं ते तिने आप्पांना आणून दिलं होतं. प्रवासवर्णनं, व्यापाराचे इतिहास, युद्धांच्या हकिगती. एकातही हे लिहिलेलं नव्हतं. "राजापूरचं बंदर गेलं ना," ती शेवटी म्हणाली. "बसऱ्याचं अजून चालू आहे. इतक्या वेळा मोडलं, सीमा इकडच्या तिकडे झाल्या, तरी चालू आहे. त्यांना ते बघायचं असेल."

राजापुरात महिपत त्यांची वाट बघत उभा होता. आप्पांचा जुना विद्यार्थी. अठरा वर्षांचा असताना कुवेतला गेला, तिथल्या बंदरात क्रेनवर राबला आणि म्हातारा होऊन परत आला. सुट्टीत आला की पहिला गुरुजींकडे. खजुराचं खोकं पायाशी ठेवायचा, आणि गुरुजी खोक्याकडे न बघता विचारायचे, "बसरा दिसलं का रे?"

"नाय गुरुजी. मधे तारांचं कुंपण हाय."

"कुंपण असू दे. रात्री उजेड तरी दिसत असेल."

"उजेड दिसतो. पण तो तेलाच्या विहिरींचा."

हा संवाद दर सुट्टीत व्हायचा. एकदा तर महिपत बायकोला म्हणाला होता, आता पुढच्या खेपेला खोटंच सांगतो दिसलं म्हणून. पण गुरुजींसमोर बसला की त्याची जीभ रेटायची नाही.

आज त्याने पांढरा सदरा घातला होता. उल्काच्या हातातल्या लोटक्याकडे बघून त्याने चपला काढल्या.

"ताई, ह्या बाजूनं या. तिकडं पाय रुतेल."

गल्लीबोळ उतरत तिघे खाडीवर आले. घरांच्या मागच्या भिंती, त्यांना लागून वाळत घातलेले कपडे, एक उलटी टाकलेली आणि तळ फुटलेली होडी. काठावर उपसलेल्या गाळाचे ढीग वाळून तडकले होते. धक्क्याचे जांभ्याचे चिरे तेवढे शाबूत होते. खालच्या पायऱ्या गाळात गेल्या होत्या आणि त्यापुढे पाणी होतं. खरंच होतं. करडं, जाड, पण चांगलं भरलेलं. उल्काने सोडलेला श्वास उन्मेषला ऐकू आला.

"आहे पाणी," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं."

"इथं गलबतं लागायची?"

"गुरुजी तर शप्पथ घालायचे," महिपत म्हणाला. "आमाला पोरांना घेऊन यायचे इथं. ह्याच पायरीवर बसवायचे आणि सांगायचे, बघा, बसऱ्याहून गलबत आलं. आमी बघायचो. काय दिसायचं, डोंबल. एखादा रेडा पोहताना दिसायचा. पण नाय म्हणायची कुणाची छाती?"

"मग काय सांगायचात?"

"सांगायचो, आलं गुरुजी. मग विचारायचे, शिडं किती? मग मार खायचो."

उन्मेष हसला. उल्कालाही हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच तिला दमल्यासारखं झालं.

तीनला थोडा अवकाश होता. खाडीवर पश्चिमेचा वारा होता आणि पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या. पाणी वर जातंय की खाली, की थांबलंय, वरवर बघून काही समजत नव्हतं.

"महिपतदादा, पाणी उलटलं का?" उन्मेषने विचारलं.

महिपत कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "थांबल्यागत दिसतंय. पण मी काय सांगणार दादा, माझं सगळं आयुष्य परक्या बंदरात गेलं. ह्या खाडीत आता होडी तरी कोण आणतो? खाली जैतापूरवाल्यांना म्हायती." मग तो उल्काकडे वळला. "गुरुजींची पाऊणपट काय सांगते?"

"तीन."

"मग तीन. त्याला काय बघायचं?"

तीन वाजले तशी उन्मेषने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. बुडालेल्या पायरीवर पाय चाचपत तो पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उतरला. उल्काने लोटका त्याच्या हातात दिला. द्यायला तिला जरा वेळ लागला. बोटं आखडली होती. दूध, तीळ, घरच्या तुळशीची पानं, झेंडूच्या पाकळ्या, सगळं पिशवीतून एकेक काढून तिने दिलं. भटजींनी लिहून दिलेलं उन्मेषने वाचलं, अडखळत, आणि फडकं सोडून लोटका पाण्याला टेकवून आडवा केला.

अस्थी बुडाल्या. राख पाण्यावर करड्या सायीसारखी पसरली आणि तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या तरंगत राहिल्या. क्षणभर सगळं जागच्या जागी होतं. मग पाकळ्या हलल्या. रांगेत लागल्यासारख्या एकीमागे एक सरकू लागल्या.

"ताई," उन्मेष पाण्यातूनच म्हणाला. "हे वर चाललंय."

उल्का बघत होती. समुद्र उजवीकडे होता. पाकळ्या डावीकडे, गावाकडे निघाल्या होत्या.

"वाऱ्यानं असेल," महिपत म्हणाला. पण राख तर पाण्याच्या आत होती, आणि तीही तिकडेच ओढली जात होती. उन्मेषने वाकून हाताने पाणी उजवीकडे लोटायचा प्रयत्न केला, जसं पोरं कागदाच्या होडीला लोटतात. पाकळ्या त्याच्या मनगटाला वळसा घालून पुढे गेल्या.

"राहू दे रे," उल्का म्हणाली.

ती पायरीवर बसली. पाऊणपट बरोबर होती. फोनही बरोबर होता. दोन्ही खाडीच्या तोंडाशी बरोबर होते. तोंडाशी भरती पुरी झाली म्हणजे आत टोकाला ती पुरी होत नाही. पाण्याला एवढी वाट चालून यावं लागतं. हे भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात असतं. आणि तिला तर ते पुस्तकातून कळायचीही गरज नव्हती. फळ्यासमोर उभे आप्पा, हातात खडू, आणि वर्गाचा तो ठरलेला घोष. आप्पा विचारायचे, "तोंडाशी?" वर्ग म्हणायचा, "पाऊणपट!" आप्पा विचारायचे, "आणि राजापुरास?"

"राजापुरास जेवण करून," ती मोठ्याने म्हणाली.

महिपतने कपाळाला हात लावला. "अरे देवा. जेवण करून. आमी घसा फोडून म्हटलंय की ते."

"म्हणजे काय?" उन्मेषने विचारलं. त्याच्या वाट्याला गणित होतं.

"जैतापूरला भरती पुरी झाली," उल्का हळूहळू सांगू लागली, "की राजापूरच्या व्यापाऱ्यांनी घरी जायचं, स्वस्थ जेवायचं, पान खायचं आणि मग धक्क्यावर यायचं. तोवर इथे पाणी चढतच असतं. गलबत तेवढ्या वेळात आत येतं. मी पहिलं अर्धं लक्षात ठेवलं. दुसरं विसरले."

"विसरशील म्हणाले होते का?"

उन्मेष पाण्यातून वर आला आणि तिच्या शेजारी बसला. त्याचे पाय गाळाने माखले होते. पाकळ्या आता बरंच अंतर गेल्या होत्या. एका घराच्या मागच्या भिंतीशी वळण होतं, तिथे त्या जमून थोड्या घुटमळल्या आणि पुढे गेल्या.

"मी सांगू का, ताई," महिपत म्हणाला. तो उभाच होता, गुरुजींसमोर उभा राहायचा तसा. "इतकी वर्षं आमाला विचारायचे, गलबत आलं का. आज येताना बघितलं मी."

"शिडं किती?" उन्मेष म्हणाला.

महिपतने नाक सदऱ्याच्या बाहीला पुसलं. "आता मारायला कोण हाय?"

वारा होता तसाच होता. मग उल्काने पिशवी ओढली आणि दहीभाताचा डबा काढला.

"इथे?" उन्मेष म्हणाला.

"पाणी उलटेपर्यंत मी काही हलणार नाही. आणि त्यांनीच सांगितलंय जेवा म्हणून."

ताटल्या नव्हत्या. डब्याच्या झाकणात महिपतला दिला, आतल्या लहान डब्यात उन्मेषला, आणि ती स्वतः तळातला भात खाऊ लागली. काकूंनी लिंबाचं लोणचंही दिलं होतं. पहिला घास तिच्या घशाखाली उतरला तेव्हा आपल्याला किती भूक लागली होती ते तिला कळलं. मग ती खात राहिली. तीन वर्षं ती उभ्या उभ्याच जेवली होती, एक कान आतल्या खोलीकडे ठेवून. आप्पांची हाक कधीही यायची. घास तोंडात असतानाही ती उठायची. आता बसून जेवताना तिचा तो कान मधूनमधून उगीचच टवकारला जात होता.

महिपतने खिशातून कागदाची पुडी काढली. तीन खजूर होते. "मुलगा पाठवतो. बसऱ्याचे नायत," तो प्रामाणिकपणे म्हणाला. तिघांनी एकेक खाल्ला. उन्मेषने बी पाण्यात टाकायला हात उचलला, मग थांबला आणि ती खिशात टाकली.

ऊन पायऱ्यांवरून सरकून समोरच्या काठावर गेलं. पाण्यावरच्या सुरकुत्या बसल्या. खाडी काही वेळ अगदी निश्चल झाली, आणि मग धक्क्याच्या शेवटच्या चिऱ्यावर पाण्याखालची ओली रेघ उघडी पडली. आधी बोटभर, मग वीतभर.

"उलटलं," महिपत हळूच म्हणाला.

वळणाच्या घराआडून पाकळ्या परत दिसू लागल्या. सगळ्या नव्हत्या. काही तिकडेच काठाला, कपडे धुवायच्या दगडांना अडकल्या असतील, गावात राहिल्या असतील. बाकीच्या आता प्रवाहाच्या मध्यावरून येत होत्या, आणि येतानापेक्षा जाताना त्यांना घाई होती. धक्क्यासमोर आल्या तसा महिपत बाजूला सरून उभा राहिला. उन्मेषही उठला. त्याने शर्ट नीट केला, हात जोडले.

"ताई, ऊठ. आप्पा चालले."

उल्काच्या हाताला भात लागलेला होता. गुडघे दुखत होते. तिने डबा मांडीवरून खाली ठेवला आणि पाठ जांभ्याच्या चिऱ्याला टेकली. चिरा दिवसभराच्या उन्हाने अजून गरम होता.

"तू हो उभा," ती म्हणाली. "मी बसते आता."

ती बसूनच पाकळ्या बघत राहिली, उजवीकडे, खाडी डोंगरामागे वळते तिथपर्यंत.